वॉर्डातली पहिली पाच मिनिटे

गेल्या महिन्यात मुलुंडला एका शुश्रूषागृहात माझ्या धाकट्या जावेला पाहायला गेले होते. पित्ताशयातल्या खड्यांचे ऑपरेशन. तसे काळजीचे काही नव्हते. खाली फरसाणाचे दुकान, त्याच्यावर शिकवणीचे वर्ग, दुसऱ्या मजल्यावर हे अकरा खाटांचे शुश्रूषागृह आणि त्याच्याही वर राहती बिऱ्हाडे. मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, अंधेरी, कुठेही जा, अशा इमारती तुम्ही येता-जाता पाहता. त्यांत तुमच्या घरची बाळंतपणे झाली असतील, मुलांचे ताप उतरले असतील. त्यांची निंदा करावी असे माझ्या मनात नाही.

जाऊ झोपली होती, म्हणून मी बाहेर बाकावर बसले. समोर भिंतीवर आग विझवण्याचे लाल नळकांडे टांगलेले होते. त्याच्या मानेवर कुणीतरी ओला नॅपकिन वाळत घातला होता. मी एकतीस वर्षे इस्पितळात सिस्टर म्हणून काढलेली. जुनी खोड काही जात नाही. टेबलाशी बसलेल्या मुलीला मी विचारले, "काय गं, हे चालवतात कसं?"

ती हसली. म्हणाली, "त्याच्यावर लिहिलेलं आहे की."

"वाच बरं."

तिने नॅपकिन उचलला. चिठ्ठी इंग्रजीत होती आणि अर्धी पुसून गेलेली. तिचे तिलाच हसू आले. मग जरा सावरून ती म्हणाली, "पण आमचं ट्रेनिंग झालंय, मॅडम. रजिस्टरमध्ये माझी सही आहे."

हे शब्द ऐकले आणि मी गप्प बसले. कारण अशीच एक सही मीही एकदा केली होती.

१९८७ सालची गोष्ट. उपनगरातल्याच एका इस्पितळात मी रात्रपाळीला होते. पुरुषांचा मेडिकल वॉर्ड, खाटा तीस आणि जमिनीवर अंथरुणे घालून आणखी सात-आठ. त्या काळी सिरिंजा उकळून घेत असत. वॉर्डाच्या टोकाला एक लहानशी खोली होती, तिथे विजेवरचे उकळण्याचे भांडे असे, आणि त्याच खोलीत कापूस, गॉज, धुवून आलेल्या चादरी ठेवलेल्या. एका पेशंटची तब्येत एकाएकी बिघडली, मी तिकडे धावले आणि भांडे चालूच राहिले. पाणी आटले, भांडे लाल झाले, शेजारच्या चादरीने पेट घेतला. मला पहिल्यांदा आला तो वास. ज्वाळा नंतर दिसल्या.

मी धावत गेले आणि भिंतीवरचे नळकांडे काढले. त्या वेळी ती उलट्या शंकूसारखी असत, खाली टोक निमुळते. हातात घेतले खरे, पण पुढे काय करायचे ते मला आठवेना. टोक आपटायचे, की टोपी आपटायची, की उलटे धरायचे? तीन महिन्यांपूर्वी आम्हांला अंगणात उभे करून दाखवले होते. मी मागच्या रांगेत उभी होते आणि शेजारणीशी बोलत होते. तिथे तसे उभी राहिले असताना आमच्या वॉर्डातल्या मावशी मागून ओरडल्या, "सिस्टर, ते नका मारू! त्यात पाणी आहे, आत वीज चालू आहे!" आणि त्यांनी मला बाजूला सारून खोलीचे दार ओढून घेतले, बाहेरच्या बोर्डावरचा मोठा खटका खाली पाडला, आणि दाराच्या फटीशी ओली चादर कोंबली. मग त्या दाराशेजारच्या खाटेवरच्या आजोबांना त्यांनी गादीसकट खाली घेतले आणि फरशीवरून ओढत पार वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला नेले. पुढे वॉचमनने वाळूच्या बादल्या आणल्या, बंब यायच्या आत सगळे निवले. कुणाला काही झाले नाही.

मी मावशींना विचारले, "तुम्हाला हे कुणी शिकवलं?" त्या म्हणाल्या, "मालक मिलमध्ये होते ना. कापसाच्या खात्यात. घरी येऊन सगळं सांगायचे. आग दिसली की आधी दार, मग वीज, मग माणूस."

म्हणजे पाहा, प्रशिक्षणाच्या रजिस्टरात सही माझी, आणि ठाऊक होते ते मावशींना. मावशींना त्या प्रशिक्षणाला कुणी बोलावलेच नव्हते. ते 'स्टाफ'साठी होते.

आता मी मुद्द्याला येते. इस्पितळातली आग आणि इतर ठिकाणची आग यांत फरक एवढाच, की इस्पितळातल्या माणसाला पळता येत नाही. शाळेत घंटा झाली की मुले धावत सुटतात. सिनेमाच्या थिएटरात लोक उठून दाराकडे जातात. वॉर्डात माणूस सलाईनला बांधलेला, पाय वजनाला लटकवलेला, भुलीतून अर्धवट बाहेर आलेला किंवा व्हेंटिलेटरवर असतो. त्याला उचलून न्यावे लागते, आणि उचलायला हात लागतात. अग्निशमन दलाचे जवान येतील, नक्की येतील. मरोळ, विक्रोळी, मुलुंड, बोरिवली इथे त्यांची केंद्रे आहेत. पण संध्याकाळी सहा वाजता घाटकोपरच्या स्टेशनरोडवर रिक्षांच्या गर्दीत बंब कसा आणि किती वेळात येतो हे तुम्हांला मी सांगायला नको. तोवरची पहिली पाच मिनिटे वॉर्डात जो कोणी असेल त्याची. सिस्टर असेल, मावशी असेल, मामा असेल, लिफ्टवाला असेल.

आणि ज्वाळेची वाट पाहण्यात अर्थ नसतो. माणसे बहुधा भाजून मरत नाहीत, धुराने मरतात. रेक्झिन, फोमची गादी, विजेच्या तारांवरचे प्लॅस्टिक यांचा धूर काळा आणि विषारी असतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. आपल्या रक्ताला प्राणवायूपेक्षा तो दोनशे पटींहून अधिक जवळचा वाटतो. एकदा तो चिकटला की रक्त प्राणवायू घेतच नाही. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस आधी गोंधळतो, मग पाय लुळे पडतात, मग बसल्या जागी झोपतो. दमेकरी, म्हातारे आणि तान्ही मुले तर फार लवकर.

अंधेरीला मरोळ एमआयडीसीत कामगार राज्य विमा योजनेचे रुग्णालय आहे. ही योजना मुळात १९५२ साली सुरू झाली. पगारातून थोडे पैसे कापून घ्यायचे आणि त्यावर कामगाराला, त्याच्या घरच्यांना औषधपाणी मिळायचे. त्या रुग्णालयात १७ डिसेंबर २०१८ रोजी दुपारी चारच्या सुमारास आग लागली. इमारत पाच मजली, त्यात बांधकामाचे काम चालू होते. आग खालच्या बाजूला, पण धूर वर चढला. जिने हीच धुराची धुराडी झाली. वरच्या मजल्यांवरचे पेशंट, नातेवाईक, कर्मचारी खिडक्यांशी आले. बाहेरच्या काचा फोडून, शिड्या लावून जवानांनी दीडशेच्या आसपास माणसे खाली उतरवली. रस्त्याने जाणारी, शेजारपाजारची साधी माणसेही वर चढली. काहींनी घाबरून उड्या टाकल्या. पहिल्या दिवशी सहा मृत्यू झाले, आणि नंतरच्या दिवसांत हा आकडा वाढत गेला. त्यांत दोन महिन्यांची एक मुलगी होती. बहुतेकांचा मृत्यू गुदमरून.

लक्षात घ्या, वेळ दुपारी चारची. भर दिवस. सगळे डॉक्टर, सगळ्या सिस्टर हजर असण्याची वेळ. रात्री काय होते ते पुढे २०२१ साली महाराष्ट्राने एकामागून एक पाहिले. ९ जानेवारीला, रात्री दीड-दोनच्या सुमारास, भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग लागली. सतरा बाळे होती. सात वाचली, दहा गेली. त्या दहांतली बहुतेक धुराने. मार्चच्या २५ तारखेच्या रात्री आपल्या भांडुपला एका मॉलमध्ये आग लागली. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर करोनाचे रुग्णालय होते. आग खाली, पेशंट वर, आणि धुराला मजल्याचा हिशोब कळत नाही. २३ एप्रिलला पहाटे विरारला अतिदक्षता विभागात, आणि ६ नोव्हेंबरला, ही मात्र दिवसा, तेव्हाच्या अहमदनगरच्या सरकारी रुग्णालयात, तोही अतिदक्षता विभागच. नगरला अकरा जण गेले.

एका वर्षात एवढे का झाले? याचे एक कारण सांगते, कारण ते वॉर्डात काम करणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावे असे आहे. ऑक्सिजन स्वतः जळत नाही. पण तो जिथे अधिक असतो तिथे दुसरे सगळे भडकन जळते. एरवीच्या हवेत तो २१ टक्के असतो. एखाद्या बंद खोलीत चार-पाच टक्क्यांनी जरी तो वाढला, तरी जी चादर हळूहळू धुमसली असती ती चरचर पेटते. पेशंटचे केस, उशी, घोंगडी यांत तो शिरून राहतो. मास्क काढून उशीवर ठेवला आणि फ्लोमीटर चालूच राहिला, तर ती उशी म्हणजे काडीची वाट पाहणारा काकडा. करोनाच्या दिवसांत एकेका खोलीत दहा-दहा पेशंट मोठ्या प्रवाहावर होते, एअरकंडिशनर दिवसरात्र चालू, दारे-खिडक्या बंद, आणि टेबलावर सॅनिटायझरच्या बाटल्या. त्या बाटल्यांत निम्म्याहून अधिक स्पिरिटच असते, हे विसरू नये.

म्हणून वॉर्डात ऑक्सिजनची जी नळी भिंतीतून येते, तिची बंद करण्याची किल्ली कुठे आहे हे ठाऊक असणे पहिल्या क्रमांकाचे. ती बहुधा बाहेर पॅसेजमध्ये काचेच्या लहानशा पेटीत असते. मी अशा पेट्यांवर कॅलेंडरे टांगलेली पाहिली आहेत, औषधांचे खोके रचलेले पाहिले आहेत. आणि ठाऊक असून भागत नाही; बंद कुणी करायची हेही ठरलेले हवे. कारण ती फिरवली की त्या वॉर्डातल्या सगळ्यांचाच प्राणवायू तुटतो. शेजारच्या वॉर्डाची चुकून बंद केली तर तिथली माणसे आगीवाचूनच जातील. म्हणून हे काम त्या पाळीच्या इनचार्ज सिस्टरचे: ज्यांना ऑक्सिजनवाचून चालणारच नाही त्यांना अँबू बॅग किंवा लहान सिलिंडर लावला, की तिने हाक द्यायची आणि मग किल्ली फिरवायची. हा निर्णय भर धुरात पहिल्यांदा घेऊ नये. तो आदल्या दिवशी, डोके थंड असताना, ठरवून ठेवायचा असतो.

आणखी एक निर्णय आहे, आणि तो याहून अवघड आहे. आम्हां सिस्टर लोकांना शिकवलेले असते की जो सर्वांत गंभीर, त्याच्याकडे आधी धावायचे. जन्मभर हाताला तीच सवय. आगीत मात्र तसे करता येत नाही. आगीच्या अगदी जवळ जो आहे त्याला आधी हलवायचे, मग तो अपेंडिक्सचा पोरगा असो की हृदयविकाराचे आजोबा. त्यानंतर जे चालू शकतात त्यांना एकीने पुढे होऊन एका रांगेत बाहेर काढायचे. मग ज्यांना आधार देऊन नेता येते ते. आणि ज्याला हलवायला चार माणसे लागतात, यंत्रे लागतात, तो शेवटी. ऐकायला हे निष्ठुर वाटते. मलाही वाटले होते. पण एका व्हेंटिलेटरच्या पेशंटपाशी चौघी गुंतल्या आणि दाराशी चालू शकणारी आठ माणसे धुरात घुटमळत राहिली, तर काय होईल याचा हिशोब करून पाहा. शिवाय ती आठ माणसे बाहेर पडली की वाट मोकळी होते, आणि त्यांतले दोघेतिघे नातेवाईक हात द्यायला परत येऊ शकतात.

बाहेर म्हणजे कुठे? इथेही पुष्कळांचा गैरसमज असतो. बाहेर म्हणजे लगेच जिन्याने खाली रस्त्यावर, असे नव्हे. त्याच मजल्यावर, पुढच्या जाड दाराच्या पलीकडे. मोठ्या इस्पितळांत पॅसेजमध्ये जी जड, आपोआप मिटणारी दारे बसवतात, ती आग दोन तास थोपवून धरतील अशा हिशोबाने केलेली असतात. त्या दारापलीकडे पेशंट नेला, दार मिटले, की श्वास घ्यायला सवड मिळते. तिथून पुढे जिना. परंतु ही दारे येता-जाता त्रास देतात. ट्रॉली अडते, मावशींच्या हातात बेडपॅन असते, दार पाठीवर आपटते. म्हणून कुणीतरी खाली वीट लावून ठेवते किंवा चिंधीने मुठी बांधून ठेवते. मी स्वतः बांधली आहेत, खोटे कशाला सांगू. आज कुठे तशी वीट दिसली की पायाने सरकवते आणि लोक माझ्याकडे चमत्कारिक नजरेने पाहतात.

पेशंटला हलवायला ट्रॉली शोधत बसायचे नाही. चार टोके धरून चादरीसकट किंवा गादीसकट खाली घ्यायचे आणि डोक्याच्या बाजूने ओढायचे. गुळगुळीत फरशीवर एक सडपातळ मुलगीही सत्तर किलोचा माणूस ओढत नेते. करून पाहिल्याशिवाय हे पटत नाही, म्हणून करून पाहावे. धूर भरला असेल तर वाकून, गुडघ्यांवर. चांगली हवा जमिनीलगत राहते. लिफ्ट वापरायची नाही.

लाल नळकांड्याविषयी आता थोडे. हल्ली बहुतेक ठिकाणी कोरड्या पावडरचे असते. त्याच्या मुठीत एक पिन असते, तिला प्लॅस्टिकची बारीक पट्टी. पिन ओढायची, नळी आगीच्या बुडाशी धरायची, मूठ दाबायची आणि झाडू मारावा तसे डावी-उजवीकडे फिरवायचे. ज्वाळेच्या शेंड्यावर मारून काही होत नाही. सहा किलोचे नळकांडे पंधरा-वीस सेकंदांत रिकामे होते, हे मात्र कुणी सांगत नाही. म्हणजे केराच्या डब्याएवढी आग असेल तर चालवावे. पडद्यावर, छतापर्यंत गेली असेल तर नळकांडे टाकून दार ओढून घ्यावे. यंत्रांच्या खोलीत कार्बन डायऑक्साइडचे काळ्या कर्ण्याचे नळकांडे असते. त्याचा कर्णा उघड्या हाताने धरू नये, गारठ्याने कातडी सोलून निघते. आणि पाठ दाराकडे ठेवून उभे राहावे, म्हणजे परतीची वाट आपल्या मागे राहते.

तुम्ही म्हणाल, हे सगळे नियमात असेलच. आहे. महाराष्ट्रात २००६ सालचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदा आहे; इमारतीतली यंत्रणा नीट चालते असा दाखला परवानाधारक संस्थेकडून घेऊन तो वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचा असतो. भंडाऱ्यानंतर राज्यभर इस्पितळांची तपासणीही झाली. पण हा दाखला नळकांड्याचा असतो, पंपाचा असतो, पाण्याच्या टाकीचा असतो. रात्री दोन वाजता तिथे असणाऱ्या मावशींना पिन कुठे आहे हे ठाऊक आहे की नाही, हे त्या कागदावर उमटत नाही.

कवायतीही होतात. दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह असतो. १९४४ साली त्या दिवशी आपल्या मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे साठाहून अधिक जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ हा सप्ताह. त्या आठवड्यात इस्पितळाच्या अंगणात पत्र्याच्या ट्रेमध्ये पेट्रोल पेटवतात, एक जवान ते विझवून दाखवतो, मग मेट्रनबाई विझवतात, फोटो निघतो. वेळ सकाळी अकराची. रात्रपाळीच्या मुली तेव्हा बदलापूरच्या किंवा विरारच्या घरी झोपलेल्या असतात. आणि ज्यांच्यावर खरी भिस्त, ते सफाईवाले, वॉर्डबॉय, वॉचमन हल्ली कंत्राटदाराचे. आज ज्याला शिकवले तो पुढच्या महिन्यात दुसऱ्या इस्पितळात जातो, आणि त्याच्या जागी आलेल्याला ऑपरेशन थिएटर कुठे हेही विचारावे लागते.

भाषेचीही मौज आहे. मुंबईच्या वॉर्डात सिस्टर केरळची, मामा जौनपूरचा, मावशी चिपळूणच्या. आग लागली की लोक बिथरू नयेत म्हणून मोठ्या इस्पितळांत लाउडस्पीकरवर 'कोड रेड' असे पुकारतात. निवृत्त होण्याच्या आधी आमच्याकडे असे एकदा सरावासाठी पुकारले. आमच्या एका नव्या मावशी लगबगीने कचऱ्याची लाल पिशवी घेऊन आल्या, आणि म्हणाल्या, "आणली बघा." त्यांची काहीच चूक नव्हती. त्यांना रंगांविषयी जे काही शिकवले होते ते पिशव्यांचे होते, आणि ते त्यांनी चोख लक्षात ठेवले होते. म्हणजे शिकवले तर राहते, हेही त्यातून दिसले.

माझ्या शेवटच्या चार वर्षांत मी एक साधी गोष्ट करून पाहिली. पाळी बदलताना आम्ही पेशंटची ओव्हर देतो: अमक्याचे सलाईन, तमक्याचे इंजेक्शन. त्याच्या शेवटी एक मिनिट जास्त घ्यायचे. "आज दार कोण? नळकांडे कोण? ऑक्सिजन कोण? १०१ ला फोन कोण?" त्या पाळीला जी चार-पाच माणसे असतील त्यांतून चार नावे. कंत्राटाचा पोरगा कालच आलेला असला तरी त्याला हाताला धरून त्या दाराशी नेऊन उभे करायचे. आणि महिन्यातून एकदा रात्री, पेशंट झोपल्यावर, रिकाम्या खाटेवर आमच्यातल्याच एकीला निजवून चादरीने ओढत न्यायचे. हसणे-खिदळणे व्हायचे. ज्या मुलीला आम्ही ओढले, तिने पुढल्या वेळी सांगितले, "सिस्टर, माझं डोकं उंबऱ्याला आपटलं." म्हणून आम्ही त्या उंबऱ्यावर घालायला फळी करून घेतली. सुताराचा खर्च वरून मंजूर व्हायला पाच महिने लागले, ते सोडा.

दुर्घटना झाली की पहिली चौकशी असते, सिस्टर कुठे होती? भंडाऱ्याला, नगरला परिचारिकांवर गुन्हे दाखल झाले. कोर्टाच्या कामात मी बोलणार नाही. पण मला वाटते, त्याआधी विचारावे: तिला कुणी, केव्हा, काय दाखवले होते? आणि त्या रात्री तिच्या वाट्याला किती खाटा होत्या? २०११ साली ९ डिसेंबरला कोलकात्याच्या ढाकुरियातल्या रुग्णालयात तळघरात आग लागली, धूर वातानुकूलनाच्या नळ्यांतून वर गेला, नव्वदच्या आसपास माणसे गुदमरली. केरळच्या दोन तरुण परिचारिकांनी आठ पेशंट बाहेर काढले, नवव्यासाठी परत आत गेल्या आणि आल्या नाहीत. मला पुष्कळ वर्षांचा अनुभव आहे. सिस्टर पळून जात नाही. वाट कुठली हे तिला ठाऊक नसते, किंवा वाटेला कुलूप असते.

त्या कुलपावरून मुलुंडची गोष्ट पुरी करते. जाऊ जागी होईपर्यंत ती मुलगी आणि मी सगळा मजला फिरलो. पिन होती, पण तिला लोखंडी तार करकचून बांधलेली. नळकांडे चोरीला जाऊ नये म्हणून कुणी खिळ्याला बांधले होते. आम्ही पकड मागवून ती सोडवली. जिना एकच, त्याच्याखाली विजेची मीटरे आणि मीटरांसमोर फरसाणवाल्याचे पुठ्ठ्याचे खोके. खिडक्यांना लोखंडी जाळ्या, एकीलाही उघडणारे दार नाही. गच्चीचे दार बंद. किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरींकडे, आणि सेक्रेटरी पुण्याला लेकीकडे गेलेले.

मुलगी हे सगळे एका कागदावर लिहून घेत होती. मग तिने मला विचारले, "सिस्टर, रात्री आम्ही दोघीच असतो. मी आणि मावशी. पेशंट अकरा. दार एकीने धरायचं, ऑक्सिजन एकीने बंद करायचा. मग पेशंटला ओढायचं कुणी?"

मी म्हटले, दार ओढून घे, आरडाओरडा करून वरची बिऱ्हाडे जागी कर, नातेवाईकांना हाताशी घे. प्रत्येक पेशंटपाशी रात्री एक माणूस असतोच, संध्याकाळीच त्यांना जिना दाखवून ठेव. हे सगळे मी तिला सांगितले आणि ते खरेही आहे. पण तिचा हिशोब बरोबर होता. दोघींत अकरा पेशंट पाच मिनिटांत हलत नाहीत, कितीही कवायत केली तरी. रात्री तिसरे माणूस ठेवा, हे तिने डॉक्टरांना विचारायला हवे, तसे मी तिला म्हटले. ती म्हणाली, "विचारते. पण मला इथे लागून दीडच महिना झालाय."

दुसऱ्या दिवशी मी जावेला डबा घेऊन गेले तेव्हा ती पाळीवर नव्हती. नळकांड्यावरचा नॅपकिन गेला होता. पिनेपाशी चिकटपट्टीने एक कागद लावलेला, त्यावर बॉलपेनने मराठीत आणि खाली हिंदीत लिहिले होते: आधी ही ओढा.